तिसऱ्या पिंपाला हात लावू नये

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस खोल्या नंतर मोजतो. आधी विचारतो, टाकी किती लिटरची? नळाला रोज पाणी येणं ही पुण्या-मुंबईकडची चैन. इथे ते चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, मध्येच कुठे जलवाहिनी फुटली तर त्याहूनही उशिरा येतं. आलं की तापाने फणफणलेला माणूसही अंथरुणातून उठतो. आधी जमिनीतली टाकी, मग गच्चीवरची, मग निळी पिंपं, घागरी, कळशा, कुकरची भांडी आणि सगळ्यात शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खणवलं, इंग्रजांनी 1871 साली हिप्परग्याचा एकरुख तलाव पुरा केला, 1980 साली भीमेवर उजनी धरण झालं आणि पुढे तिथून शंभर किलोमीटरहून लांब पाइप आला. आठ-नऊशे वर्षं हे गाव पाणी साठवतंच आहे. उन्हाळ्यात उजनीतलं मृतसाठ्याचं पाणी उपसायला लागले की साठ्याचा आकडा शून्याखाली उतरतो. ‘उजनी उणे चाळीस’ असा मथळा वाचून बाहेरगावचा पाहुणा दचकतो. आम्ही पान उलटतो.

अशा गावात मी घरी समुद्र साठवतो. हौसेने सुरू केलं असं म्हणवत नाही. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना काचेची एक मोठी टाकी, तिच्यातले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, लाल पाठीची एक कोळंबी आणि ‘बाबा, फार काही नाही, अधूनमधून थोडं पाणी बदलायचं’ एवढं एक वाक्य मागे ठेवून गेला. पाणी बदलायचं म्हणजे समुद्र बदलायचा, आणि बदलायचा म्हणजे आधी तो करायचा, हे मला तो स्वारगेटला उतरल्यावर फोनवर कळलं.

लोक मला वेडा समजतात. माझं मत नेमकं उलटं आहे. समुद्राच्या माशांचा छंद हा मुळात पाणी साठवायचा छंद आहे, मासे त्यात नंतर येतात. पाणी भरून ठेवा, झाकून ठेवा, त्याच्यावर नजर ठेवा, त्यात कोणाला हात घालू देऊ नका. या सगळ्याची तालीम सोलापूरकराची जन्मापासून झालेली असते. मुंबईकर या बाबतीत बिघडलेला. तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडलं ते थेट मरीन ड्राइव्हवर. रस्ता ओलांडला की समोर समुद्र. आमच्याकडे रस्ता ओलांडला की समोर चादरींचं दुकान. एका मामेभावाने सुचवलं की सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येताना दोन कॅन भरून आणत जा की. काशीहून गंगेचं पाणी आणायची रीत आहे, पण ते गडूभर पुरतं, वर्षानुवर्षं पुरतं, आणि त्यात कोणी राहत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो सगळेच विचारतात. पाणी पिंपात आहे, मीठ बरणीत आहे, मग माशांसाठी वेगळं महागाचं मीठ कशाला? उत्तर असं, की समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून 85 टक्क्यांच्या आसपास भरतात, पण खरी माणसं उरलेल्या पंधरात बसलेली आहेत: सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि त्यांची कच्चीबच्ची. कोळंबीला अंगावरचं कवच टाकून नवं करायचं असतं, त्याला कॅल्शियम लागतं. नुसत्या स्वयंपाकाच्या मिठात तिचं भागत नाही. फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1854 साली घरी समुद्राचं पाणी करायची कृती छापली. लंडनलाही समुद्र नाही, आणि किनाऱ्यावरून पाणी वाहून आणायचं तर खर्च फार. त्याच्या कृतीत जिन्नस चारच: साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. यातलं एप्सम मीठ एके काळी डॉक्टर पोट साफ व्हायला देत, हे मी आईला सांगितलं, तेव्हापासून ती माशांकडे जरा जास्तच कळवळ्याने बघते.

पण खरी गंमत मिठाच्या आधीची आहे. नळाचं पाणी जसंच्या तसं घेता येत नाही, कारण त्यात क्लोरिन असतं. वास तर सगळ्या गल्लीला येतो. बोअरचं पाणी जड. त्याने गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला, स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तो थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियमच. हे पाणी आधी कार्बनमधून, मग आरओच्या पडद्यातून आणि शेवटी रेझिनच्या नळकांड्यातून काढायचं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की शून्य दिसलं पाहिजे. एवढे पैसे घालून पाण्यातून सगळं काढून झालं, की दुकानातून मिठाची बादली आणून सगळं परत घालायचं. म्हणजे बोअरने फुकट दिलेलं कॅल्शियम पैसे देऊन काढायचं आणि डब्यातलं कॅल्शियम पैसे देऊन घालायचं. यामागे कारण आहे: बोअर कॅल्शियमबरोबर नायट्रेट आणि सिलिकाही न बोलावता घेऊन येतं, आणि किती ते सांगत नाही. मी हे सगळं बायकोला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही सरकारी खात्यात असता तर कधीच वर गेला असता.’’

आरओचा दुसरा गुन्हा त्याहून मोठा. लिटरभर शुद्ध पाणी हाती येईस्तोवर दोन-तीन लिटर पाणी दुसऱ्या नळीने निघून जातं. बाकीच्या महाराष्ट्रात याला ‘वेस्ट वॉटर’ म्हणून मोरीत सोडतात. सोलापुरात हे कोणाला दिसलं तर बोलणं बंद होईल. त्यामुळे त्या नळीखाली आमच्याकडे कायम बादली असते. त्या पाण्याने फरशी पुसली जाते, संडासात ते जातं, गाडी धुतली जाते. मासे आल्यापासून आमची स्कूटर गल्लीत सगळ्यात स्वच्छ आहे.

कालवायची रीत साधी आहे, पण क्रम सोडायचा नाही. आधी पाणी. मग छोटा पंप पाण्यात सोडून पाणी फिरतं ठेवायचं आणि त्यात मीठ थोडं थोडं, हाताला घाई न करता सोडायचं. लिटरमागे साधारण 36 ते 38 ग्रॅम. शंभर लिटरच्या पिंपाला पावणेचार किलोच्या आसपास. मिठाच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की त्या पहिल्या लोट्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाटीवाटीने समोरासमोर येतात की एकमेकांना धरून खाली बसतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं, तळाला चुना साचतो आणि तो पुन्हा विरघळायला राजी होत नाही. जे कोळंबीच्या कवचाला जायचं ते पिंपाच्या बुडाला गेलं. पावसाळ्यात मिठाची पिशवी उघडी राहिली तर हवेतला ओलावा पिऊन दगड होतो, तेही वेगळं. एरवी रात्रभर पंप चालू द्यायचा. सकाळी पाणी आरपार दिसतं, तळाला ठेवलेलं एक रुपयाचं नाणं दिसेल इतकं. (नाणं टाकू नये. धातूचं काहीच टाकू नये. त्याकडे येतोच.)

मग मोजमाप. रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण मिळते. काचेवर दोन थेंब ठेवून उजेडाकडे बघायचं, निळं-पांढरं जिथे भेटतं तिथे 35 दिसलं पाहिजे. हजारात 35 भाग. गॅलरीत उभा राहून मी हे करतो तेव्हा समोरच्या आक्का दर वेळी विचारतात, डोळ्याचं ऑपरेशन कधी? एकदा ते यंत्र मिळेना आणि आमचे दूधवाले दारात उभे होते. त्यांच्या खिशात लॅक्टोमीटर. मी त्यांना पातेल्यात थोडा समुद्र काढून दिला. त्यांनी तो काचेचा गोळा सोडला, डोळे बारीक केले, आणि धंद्यातल्या माणसाच्या खात्रीने सांगितलं, ‘‘मालक, पाणी हाय यात.’’ बरोबर होतं त्यांचं. चांगल्या दुधाची घनता 1.028 च्या पुढे, समुद्राची 1.025 च्या आसपास. दुधाच्या मापाने बघितलं तर अरबी समुद्र हे पाणी घातलेलं दूधच आहे.

आता हा माझा समुद्र नकली आहे का? या प्रश्नावर मी घरात बराच वेळ भाषण देऊ शकतो आणि देतो. चॅलेंजर नावाचं जहाज 1872 ते 1876 या काळात जगभर समुद्र मोजत हिंडलं. त्याने आणलेले पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि 1884 साली निकाल छापला: पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच. म्हणजे समुद्र कुठल्या गावचा हे क्षारांवरून सांगता येत नाही. प्रमाण जमलं की झाला समुद्र. उलट मी तर म्हणतो की जुलै महिन्यात, कोकणातल्या नद्या दुथडी भरून खाडीत उतरत असतात आणि किनाऱ्याचं पाणी पातळ झालेलं असतं, तेव्हा रत्नागिरीच्या खाडीपेक्षा सोलापुरातलं माझं पिंप जास्त समुद्र असतं. हे वाक्य मी रत्नागिरीच्या एका स्नेह्यांना ऐकवलं. त्यांनी त्या वर्षी आंबे पाठवले नाहीत.

आमच्या घरात पिंपं तीन. पहिलं पिण्याचं, दुसरं वापराचं, तिसरं समुद्राचं. बाजूला शून्य टीडीएसच्या पाण्याचा एक पांढरा कॅन. तिसऱ्या पिंपावर आईने स्वतः खडूने लिहिलं आहे: तिसऱ्या पिंपाला हात लावू नये. यात ‘तिसऱ्या’ हा शब्द अनावश्यक आहे असं मी म्हणालो, तर म्हणाली, पिंपं सरकवताना क्रम बदलतो, म्हणून लिहिलंय. यावर मी गप्प बसलो, कारण क्रम बदलला तर तिसरं पिंप ओळखणार कसं हे मलाही कळलं नाही. झाकण मात्र घट्ट हवं. उघडं राहिलं तर पाणी उडून खारटपणा वाढतो, धूळ पडते, आणि मांजर एकदा चाखून जातं. (एकदाच.) कालवलेलं पाणी किती टिकतं, हे मिठावर अवलंबून. काही कंपन्या एका दिवसात वापरून टाका म्हणतात. काहींचं झाकून, अधूनमधून पंप फिरवून आठवडेच्या आठवडे राहतं. सतत गरम ठेवून घुसळत बसलं तर कॅल्शियम हळूहळू खाली बसायला लागतं. जपायलाही मर्यादा असते.

तांब्याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. आमच्या घरात तांब्याचं पाणी म्हणजे औषध. आईचा दिवस रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याने सुरू होतो, देवघरात गंगेचा गडू तांब्याचा, पूजेचं ताम्हन तांब्याचं. तिने एकदा मायेने माशांसाठी तांब्याचा मोठा हंडा काढून दिला. तिला सांगावं लागलं की तांबं माशांच्या काही रोगांवर खरोखर औषध म्हणून वापरतात, पण कोळंबी, गोगलगायी आणि असले बिनकण्याचे जीव त्याने मरतात. आईने हंडा परत माळ्यावर ठेवला आणि कोळंबीविषयी तिचं मत तेव्हापासून जरा खाली आलं आहे.

पिंपाच्या खाली शहाबादी फरशी आहे. पंपाचे शिंतोडे तिच्यावर सुकले की पांढरी रांगोळी उमटते आणि घरात बोलणी बसतात. परंतु फरशीने तक्रार करायचं कारण नाही. शहाबादचा चुनखडक म्हणजे भीमेच्या खोऱ्यात एके काळी असलेल्या उथळ समुद्राचा गाळ, आणि तो समुद्र इतका जुना की त्यात मासेच नव्हते. मासा नावाचा प्राणी अजून व्हायचा होता. दख्खनचा लाव्हा तर त्याच्या कितीतरी नंतरचा. म्हणजे सोलापुरातल्या अर्ध्याअधिक जुन्या घरांतली माणसं समुद्राच्या तळावर पाट मांडून जेवतात. मी फक्त वरचं पाणी परत आणलं.

‘सोलापूरचा आणि मिठाचा काय संबंध?’ असंही एकाने मला विचारलं. हे त्याने चार हुतात्मा चौकातून येऊन विचारलं, म्हणून मला जरा राग आला. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना 5 मे 1930 ला पकडलं आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेलं हे गाव असं पेटलं की 12 मे रोजी इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी झाली. संबंध आहे.

असो. उन्हाळ्याकडे वळू. या माशांना पाणी 24 ते 27 अंशांचं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे बाहेर 43, 44 असतं. पाणी थंड करायचं यंत्र, चिलर, मिळतं. त्याचं बिल बघून माणसाला घाम फुटतो. त्यामानाने टाकीवर वारा घालणारा छोटा पंखा स्वस्त. पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही, पण सोलापूरच्या कोरड्या हवेत तो मन लावून काम करतो. माशांच्या बाबतीत आपल्या हवेने केलेला हा एकमेव उपकार. मात्र टाकी रोज काही बोटं खाली उतरते. इथे नवशिका हमखास फसतो, कारण समुद्र कमी झाला तर समुद्रच घालावा असं मन सांगतं. पण उडून जातं ते फक्त पाणी. मीठ जागचं हलत नाही. म्हणून भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची. मे महिन्यात घरातल्या त्या कॅनवर दोघांचा डोळा असतो, टाकीचा आणि कूलरचा. कूलरच्या बाजूने घरातली सगळी माणसं आहेत.

टाकीत प्रवाळ का नाही, असं टीव्ही बघून आलेली मुलं विचारतात. आपल्याकडे 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. ती घरात ठेवायची नसतात. मुलं निराश होतात, मग मी त्यांना क्लाउनफिशची गोष्ट सांगतो: जोडीत मोठी ती मादी, आणि ती गेली तर मागे राहिलेला नर स्वतःच मादी होतो. ही गोष्ट आईला अजून सांगितलेली नाही.

आणखी एक गोष्ट मला हल्ली मजेची वाटते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करायचं तंत्र बसवलं, तेव्हापासून हे मासे हॅचरीत जन्मतात, काचेत वाढतात. आमची जोडी तशीच. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आईने पाहिला तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही देवाकडे पाठ होते म्हणून नीट पाहिला नाही. समोरच्या आक्कांनी तिरुपतीला जाऊनही पाहिला नाही. म्हणजे या घरात आणि गल्लीत माझ्या समुद्राला हा समुद्र नाही असं छातीठोक म्हणू शकेल असा माणूसच नाही, मासाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात जलवाहिनी फुटली. पाणी सोडणारा चावीवाला सायकल टेकवून म्हणाला, ‘‘मालक, आज नाय. उद्याचं बी सांगत नाय.’’ पहिलं पिंप संपलं, दुसरं खरवडून झालं, बरण्याही झाल्या. त्याच संध्याकाळी पंढरपूरहून मावशी आणि काका आले. घरात उरलं होतं तिसरं पिंप आणि माशांचा पांढरा कॅन. आई माझ्याकडे बघत नव्हती, कॅनकडे बघत होती. मी म्हटलं, घे. मावशीचा, काकांचा, आमचा, असा पाच कप चहा झाला. टाकीला त्या रात्री भर मिळाली नाही.

आईने घोट घेतला. थोडा वेळ तोंडात फिरवला. कप खाली ठेवला.

‘‘पाण्याला काही चवच नाही रे.’’

‘‘त्यात काहीच नाही, आई. सगळं काढून टाकलेलं असतं. त्याचेच पैसे देतो आपण.’’

तिने मावशीकडे पाहिलं, काकांच्या कपाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पिंपाकडे.

‘‘मग चमचाभर त्यातलं घाल की यात.’’